उपवासाची कढई वेगळी असते

आमच्या घराजवळ, पुण्यातल्या एका गल्लीत, एक छोटं उपाहारगृह आहे. एकादशीला तिथं साबुदाणावड्यासाठी रांग लागते. यंदा आषाढीला मी त्या रांगेत होते. पुढच्या आजींनी विचारलं, "तेल वेगळं आहे ना हो?" गल्ल्यावरचे काका दुखावल्यासारखे झाले. "आजी, उपवासाची कढई वेगळी, तेल वेगळं, झारा वेगळा. तिखट-मीठसुद्धा वेगळं. आमच्या वडिलांपासून असंच आहे."

माझा नंबर आल्यावर मीही विचारून घेतलं. "काका, एरवीचा बटाटेवडा ज्या तेलात तळता, त्यात समोसे पण तळता का?" ते हसले. "ताई, आता एवढं कोण बघतं!"

मी बघते. मला बघावं लागतं, कारण मला सिलिॲक हा आजार आहे, गव्हाचा कणही चालत नाही. समोशाच्या पारीतला मैदा तेलात उतरतो आणि बेसनाच्या निष्पाप वड्याला चिकटून माझ्या पोटात येतो. त्या काकांवर माझा राग नाही. देवासाठी जी शिस्त दोन पिढ्या बिनचूक पाळली जाते, ती आजाऱ्यासाठी मागितली की विनोद का होतो, एवढंच मला विचारायचं आहे. प्रश्न काकांपुरता असता तर लिहायला बसले नसते. रेशन दुकानापासून सरकारी दवाखान्यापर्यंत सगळीकडे हेच हसू भेटतं.

आजार थोडक्यात सांगते. गहू, जव आणि राय (मोहरी नव्हे, गव्हासारखंच एक धान्य) या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. कणीक तिंबल्यावर तिला जो ताण येतो तो त्याच्यामुळेच. काहींच्या शरीराची संरक्षणयंत्रणा हे ग्लुटेन आलं की स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आत मखमलीसारखे बारीक अंकुर असतात, अन्नातलं सत्त्व ते शोषून घेतात. ते झडून सपाट होतात. मग तूप खा, बदाम खा, अंगी काही लागत नाही. ही ॲलर्जी नव्हे. अंगावर लगेच गांधी उठत नाहीत, श्वास कोंडत नाही, आणि म्हणूनच समोरच्याला ते नाटक वाटतं. यावर गोळी नाही. ग्लुटेन जन्मभर बंद, हाच उपचार.

गहूच यामागे आहे हे कळायलाही विसावं शतक उजाडावं लागलं. लंडनच्या सॅम्युएल गी यांनी १८८८ मध्ये या आजाराचं नेमकं वर्णन केलं आणि उपाय आहारातच सापडेल असा कयास बांधला, पण धान्य कोणतं ते त्यांना उमगलं नाही. पुढे मुलांना नुसत्या केळ्यांवर ठेवण्याचाही प्रयोग झाला आणि मुलं सुधारली. श्रेय मात्र केळ्याला गेलं. विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाला १९३० च्या दशकात गव्हाचा संशय आला, युद्धातल्या धान्यटंचाईने तो बळावला आणि १९५० मध्ये त्याने आपल्या प्रबंधात तो मांडला.

माझं निदान व्हायला आठ वर्षं लागली. हिमोग्लोबिन सात-आठच्या वर सरकत नव्हतं. लोहाच्या गोळ्या झाल्या, सलाइनमधून लोह झालं, खजूर-अळीव-बीट झालं. तोंड सतत आलेलं असायचं. एका डॉक्टरांनी "मन रमवा" असा सल्ला दिला. शेवटी एका तरुण डॉक्टरणीने साधं विचारलं, "लोह देतोय ते जातंय कुठे?" तिने टीटीजी नावाची रक्ततपासणी लिहून दिली, मग दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून तपासला. आठ वर्षांचं कोडं पंधरा दिवसांत सुटलं. मी तेव्हा अडतीस वर्षांची होते.

माझं माहेर सोलापूर जिल्ह्यातलं. घरी दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी. पोळी सणाला, किंवा जावई आल्यावर. पुण्यात सासरी आले आणि सकाळी पोळी, संध्याकाळी पोळी, मधल्या वेळेला ब्रेड. माझ्या आजाराचं मूळ यातच आहे असं छातीठोकपणे मी म्हणणार नाही. सिलिॲक कोणत्याही वयात डोकं वर काढतो. पण २०१६ मध्ये भारतातल्या तीन प्रदेशांतल्या तेवीस हजारांहून अधिक प्रौढांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, तो वाचताना मला माझंच चरित्र वाचल्यासारखं वाटलं. या आजाराला लागणारी जनुकं उत्तरेत, ईशान्येत आणि दक्षिणेत साधारण सारख्याच प्रमाणात सापडली, तिघांपैकी एकाच्या आसपास. आजाराचं प्रमाण मात्र उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ आणि दक्षिणेत ०.१० टक्के. रोजचा गहू उत्तरेत माणशी ४५५ ग्रॅम, ईशान्येत ३७, दक्षिणेत २५. ईशान्येचा आकडा गव्हाच्या हिशेबात नीट बसत नाही, म्हणजे गहू हे एकमेव कारण नसणार. पण उत्तर आणि दक्षिण समोरासमोर ठेवली की ताटाकडे नजर जातेच.

महाराष्ट्र त्या तिन्ही प्रदेशांत मोडत नाही. आपण मधले. कोकणात भात, देशावर ज्वारी-बाजरी, आणि गेल्या दोन-तीन पिढ्यांत सगळीकडे पसरलेली पोळी. पोळी आपल्याकडे धान्य म्हणून आली नाही, बढती म्हणून आली. भाकरी कष्टकऱ्याची, पोळी नोकरदाराची. मुलाच्या डब्यात भाकरी दिली तर शाळेत हसतात म्हणून पोळी देणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. आता चाक उलटं फिरलं आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं, २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं, 'श्रीअन्न' असं नाव मिळालं, आणि चांगली मालदांडी ज्वारी आज पुण्याच्या बाजारात गव्हापेक्षा महाग आहे. गरिबाची भाकरी गरिबाच्याच हाताबाहेर चालली.

"मग काय, तुमचं बरंय. भाकरी खा की!" हे मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावं लागतं. सल्ला चुकीचा नाही. पिझ्झा-पास्त्याच्या देशातल्या रुग्णापेक्षा मराठी रुग्णाचं खरोखर बरं आहे. भाकरी, घावन, आंबोळी, उकड, उकडीचे मोदक, पोहे, खिचडी, पिठलं-भात. उपवासाचे दिवस तर माझे सणच: वरीचे तांदूळ, राजगिरा, शिंगाडा. सगळं घर 'आज काय खायचं' म्हणून उसासे टाकत असताना मी एकटी निर्धास्त जेवत असते. पण 'भाकरी खा' म्हणणाऱ्याला भाकरी ताटात कुठून येते ते माहीत नसतं.

ती गिरणीतून येते. आणि गिरणीत दिवसभर गहूच दळला जातो. जात्यात, पाइपात, पिशवीत कालचा गहू बसलेला असतो. एका पोळीत साधारण अडीच ग्रॅम ग्लुटेन असतं, आणि रोज ५० मिलिग्रॅम पोटात जात राहिलं तरी आतड्याला इजा होते असं आढळलं आहे. म्हणजे पोळीचा पन्नासावा हिस्सा. ज्वारीच्या पिठात तेवढा गहू मिसळायला गिरणीवाल्याला काही करावं लागत नाही, नुसतं दळावं लागतं. मग घरघंटी घ्या. मग पोळपाट वेगळा, तवा वेगळा, परात वेगळी. मग पोळ्या लाटताना उडालेलं पीठ शेजारच्या आमटीत पडू नये म्हणून स्वयंपाकाचा क्रम बदला. मग डबे. थालीपिठाची भाजणी आईच्या हातची, पण तिच्यात वाटीभर गहू असतोच. सातूचं पीठ बाद. सोया सॉस बाद, कारण तो गव्हात मुरवतात. कॉर्नफ्लेक्स मक्याचे असले तरी त्यांत बहुधा माल्ट असतं, आणि माल्ट म्हणजे जव.

आणि हिंग. यावर जरा थांबते, कारण पहिल्यांदा सांगितलं की लोकांचा विश्वास बसत नाही. आपण फोडणीत टाकतो ती डबीतली पूड निव्वळ हिंग नसते. शुद्ध हिंग इतका उग्र असतो की तो डिंक आणि पीठ घालून बांधावा लागतो. ते पीठ कोणी तांदळाचं वापरतो, कोणी गव्हाचं. चिमटीत मावणारं ते पीठ फार नसतं हे मलाही कळतं. पण ती चिमूट रोज आहे, दोन्ही वेळा आहे, वरणात आहे, लोणच्यात आहे, फरसाणात आहे. आता डबी उलटी करून बघा. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार पाकिटातल्या पदार्थात ग्लुटेनयुक्त धान्य असेल तर तसं जाहीर करावं लागतं. नियम चांगला आहे. पण वेष्टनाचा पृष्ठभाग १०० चौरस सेंटिमीटरपेक्षा जास्त नसेल तर घटकांची यादी मोठ्या खोक्यावर छापून भागतं, त्या वेष्टनावर नसली तरी चालतं. हिंगाची छोटी डबी बरोबर त्या सवलतीत बसते. खोकं किराणा दुकानदाराकडे राहतं, डबी माझ्याकडे येते.

त्याच डबीएवढ्या राजगिऱ्याच्या वडीवर 'उपवासाला चालेल' हे मात्र ठळक छापलेलं असतं. जागा पुरते.

हे सारं मी पैशाने आणि चिकाटीने निभावलं. ज्या दुखण्याला पैसा उपयोगी पडत नाही ते माणसांचं. निदानानंतर वर्षभराने नणंदेकडे सत्यनारायण होता. कथा संपली, द्रोणात प्रसाद आला. रव्याचा शिरा, सव्वा पटीचा, साजूक तुपातला. मी हात जोडून नको म्हटलं. खोलीतला आवाज बंद झाला. दहाच मिनिटांपूर्वी सगळ्यांनी ऐकलं होतं की कलावती प्रसाद न घेता नवऱ्याला भेटायला धावली आणि त्याची नाव बुडाली. आत्याबाई हळूच म्हणाल्या, "अगं, एक कण घे. देवाच्या प्रसादाने कोणाला बाधत नाही." माझा नवरा शेजारी बसला होता, त्याचीच नाव धोक्यात होती. तो म्हणाला, "आत्या, तिच्या वाटचा मी खातो." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण सगळ्यांचेच नवरे तसे नसतात आणि सगळ्याच सासवा एका खुलाशाने ऐकत नाहीत. आजारी बाईचं पथ्य हे अजूनही तिच्या स्वभावाच्या खात्यात जमा होतं. पुरुषाला मधुमेह झाला की घर गोड करायचं थांबतं. बाईला गहू बंद झाला की ती सगळ्यांच्या पोळ्या लाटते आणि नंतर स्वतःपुरती भाकरी थापते. स्थळं बघताना मुलीचा सिलिॲक लपवला जातो. लग्नानंतर ती मुलगी दोन वर्षं गुपचूप पोळी खाते आणि मग सलाइनवर जाते. मी हे एकीच्या नव्हे, तिघींच्या तोंडून ऐकलं आहे.

आता फॅशनविषयी. 'ग्लुटेन-फ्री' हा शब्द वजन कमी करण्याच्या दुकानात शिरला आहे. नट-नट्या गहू सोडतात, मग व्यायामशाळेतला प्रशिक्षक सोडायला सांगतो. याचा मला थोडा फायदा झाला, पूर्वी न मिळणारी पिठं मिळू लागली. तोटा जास्त झाला. हॉटेलात सांगितलं की वाढप्याला वाटतं, बाई डाएटवर आहेत, थोडं चालेल. पाकिटांच्या किमती दुप्पट-तिप्पट. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ज्यांना खरंच आजार असेल ते तपासणीआधीच गहू सोडतात. काही आठवडे-महिने गहू बंद राहिला की रक्तातल्या खुणा पुसल्या जातात, अहवाल निर्दोष येतो आणि निदान लोंबकळत राहतं. शंका आली तर आधी तपासणी, मग पथ्य. हा क्रम उलटा करू नये. ज्याला सिलिॲक नाही, गव्हाची ॲलर्जी नाही, गव्हाने त्रासही होत नाही, त्याने खुशाल पोळी खावी. माझ्या मुलांना तपासून घेतलं, सध्या त्यांना नाही, आणि ती पोळीच खातात.

माझं खरं भांडण मात्र शासनाशी आहे, आणि ते माझ्यासारखीसाठी नाही. माझ्याकडे घरघंटी आहे. भांडण त्या मुलीसाठी आहे जिला ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात दर आठवड्याला शाळेत लोहाची गोळी मिळते, ती ती घेते, आणि तरी तिच्या पापण्यांची आतली बाजू फिकटच राहते. देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आहेत, असं २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने नोंदवलं. त्यातल्या बहुतेकींचं कारण सिलिॲक नाही. कमी खाणं, जंत, पाळीतला रक्तस्राव ही कारणं कितीतरी मोठी आहेत. पण सहा महिने गोळ्या घेऊनही रक्त वाढलं नाही, उंची खुंटली, जुलाब थांबत नाहीत, अशा मुलीची एक रक्ततपासणी जिल्हा रुग्णालयात फुकट व्हायला काय हरकत आहे? सगळ्यांची चाचणी मी मागत नाही. गोळी वाया जाते आहे हे कळल्यावर पुढचा प्रश्न विचारण्याची सोय मागते आहे.

समजा तिचं निदान झालं. डॉक्टर म्हणाले, गहू बंद. ती रेशनवर जगणाऱ्या घरातली आहे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो धान्य दिलं: तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये, भरडधान्य एक रुपया. २०२३ पासून तेही मोफत आहे. कायद्यात भरडधान्य आहे, दुकानात बहुतेक महिने गहू आणि तांदूळ. तिच्या वाटचा गहू घरातले खातील, पण तिला काय? ज्वारी बाजारभावाने घ्यायची. म्हणजे आजाराने तिचा रेशनचा वाटाच कमी केला. सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र असेल तर त्या माणसाच्या नावचा गहू तांदळात किंवा ज्वारी-बाजरीत बदलून मिळावा, एवढी साधी मागणी आहे. याला नवा कायदा लागत नाही, नवा पैसाही फारसा लागत नाही. लागतो तो रेशनच्या यंत्रात एक रकाना.

इटलीचं उदाहरण देते, कारण तो देश पावाचा आणि पास्त्याचा आहे, तिथं गहू म्हणजे संस्कृती. त्या देशाने २००५ मध्ये कायदा करून सिलिॲकला सामाजिक आजार मानलं. रुग्णाला ग्लुटेनविरहित पदार्थांसाठी दरमहा ठरावीक रक्कम मिळते, शाळा-रुग्णालयांच्या खानावळीत मागितल्यास वेगळं जेवण द्यावं लागतं. २०२३ मध्ये मुलांच्या चाचणीचाही कायदा झाला. आपली तिजोरी इटलीची नाही, मान्य. पण आपल्याला पदार्थांचं अनुदान लागतच नाही. आपल्याकडे सुरक्षित धान्य शेतात उभं आहे. ते योग्य माणसापर्यंत, गव्हात न मिसळता पोचवायचं आहे.

"शंभरात एकासाठी एवढं?" हा शेवटचा आक्षेप. महाराष्ट्रातलं प्रमाण त्याहून कमीही निघेल. पण २०११ च्या जनगणनेत देशात जैन ०.३७ टक्के होते, आणि चौपाटीपासून महामार्गावरच्या ढाब्यापर्यंत 'जैन पावभाजी' मिळते. विमानात जैन जेवण मिळतं. त्यात वावगं काही नाही. मला तर तो आपल्या समाजाच्या उत्तम गुणांपैकी एक वाटतो. दुसऱ्याच्या ताटाची अट निमूट मान्य करायची, कारण न विचारता. संख्येचा प्रश्न तिथं कोणी काढला नाही. वेगळं शिजवण्याच्या आपल्या सवयीचा इतिहास सगळा गोड नाही हेही जाणते. सोवळ्याच्या नावाखाली आपण माणसंच बाजूला बसवली, हे लिहिताना विसरता येत नाही. पण तोच हात, तीच काटेकोर नजर, तोच वेगळा झारा माणसाला पंगतीत घेण्यासाठी वापरता येतो.

गिरणीचंच बघा. मराठी बाई गिरणीत डबा ठेवते तेव्हा 'दळून द्या' एवढंच सांगत नाही. "गव्हावर गहू दळा, हरभऱ्यावर नको." "हे तांदळावर टाका." उपवासाची भाजणी असेल तर आधीच्या दळणाची चौकशी होते. गिरणीवाले दादा सगळं लक्षात ठेवतात, न लिहिता.

घरघंटी बिघडली होती तेव्हा मी त्यांच्याकडे गेले आणि सगळं सांगितलं. आतड्याचं, अंकुरांचं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वहिनी, आजाराचं मला कळत नाही. पण सोमवारी माझी गिरणी बंद असते. रविवारी रात्री मी ती उघडून, झाडून-पुसून ठेवतो. सोमवारी सकाळी सातला या. आधी तुमचे किलोभर तांदूळ दळून ते पीठ बाजूला काढू, गाईला घालू. मग तुमची ज्वारी." मी पैसे विचारले. म्हणाले, "दळणाचेच द्या. तांदूळ मात्र तुमचे."

मागच्या महिन्यापासून त्यांच्याकडे सोमवारी सकाळी आणखी दोन डबे येऊ लागले आहेत. एक शेजारच्या सोसायटीतल्या मुलाचा. दुसरा कोणाचा ते मला माहीत नाही. झाकणावर चिकटपट्टी लावून बॉलपेनने लिहिलं आहे, 'गव्हावर नको'.